गच्चीवरचें यंत्र

माणसाला आयुष्यांत केव्हां कोणत्या विषयाचें तज्ज्ञ व्हावें लागेल याचा कांहीं नेम नसतो. तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों. कवितेंतलें यमक कोठें चुकलें हें मला सांगतां येतें. परंतु घरांतला पंखा कां कुरकुरतो हें सांगतां येत नाहीं. बिघडलेल्या इस्त्रीकडे मी आदरानें पाहतों, आणि पुष्कळ अंतरावरून पाहतों. असें असतांना गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या आरंभीं घाटकोपरच्या एका लहानशा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळानें एकमतानें ठराव केला कीं, अभ्यासिकेसाठीं गच्चीवर बसवावयाचें वातानुकूलन-यंत्र निवडण्याचें काम माझ्याकडे द्यावें. ठराव एकमतानें झाला याचें कारण मी त्या सभेला गैरहजर होतों, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आमचें वाचनालय पश्चिम बाजूस, स्टेशनपासून पायीं दहा-बारा मिनिटांच्या वाटेवर आहे. इमारत जुनी, तीन मजल्यांची. खालीं वर्तमानपत्रें व मासिकें, मधल्या मजल्यावर ग्रंथ, आणि सर्वांत वर साठ फूट लांब व तीस फूट रुंद असा एक हॉल. हीच अभ्यासिका. ज्यांच्या मुलांना घरीं स्वतंत्र खोली आहे, त्यांना या शब्दाचें महत्त्व एकदम पटणार नाहीं. दहा बाय बाराच्या खोलींत जेथें पांच-सहा माणसें राहतात, तेथील मुलाला पुस्तक उघडून बसण्यापुरती जागा दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. असल्फा टेकडीच्या चढावरून, आजूबाजूच्या चाळींतून मुलें-मुली येथें येतात. कोणी स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करतो, कोणी सनदी लेखापालाच्या परीक्षेचा. शंभर खुर्च्या आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत त्या शंभरही भरलेल्या असतात. मात्र वरचा स्लॅब दिवसभर तापतो. आणि कचेरींत गिळलेला राग एखाद्यानें घरीं येऊन काढावा, तशी ती उष्णता सूर्य मावळल्यावर खालीं उतरते. मे महिन्यांत रात्रीं आठ वाजतां ओला रुमाल मानेवर ठेवून मुलें वाचीत बसलेलीं मीं पाहिलीं आहेत. त्यामुळें यंत्र असावें कीं नसावें, हा वाद आमच्यांत कधींच झाला नाहीं.

पैशाचीही अडचण नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी याच अभ्यासिकेंत बसून सनदी लेखापाल झाला व पुढें चांगल्या स्थितीला आला. त्याचे वडील हातगाडी ओढीत. ते वारल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ हें यंत्र द्यावें असें त्याच्या मनानें घेतलें. त्याच्या पत्रांत एकच महत्त्वाचें वाक्य होतें : "सर, सर्वांत मोठें यंत्र घ्या; पैशाकडे पाहूं नका." ज्याला मीं एकेकाळीं वाक्यें थोडक्यांत लिहावयास शिकविलें, त्यानें तो धडा इतका आत्मसात् केलेला पाहून मला आनंद झाला, परंतु तें वाक्य पुढें मला किती जड जाणार आहे याची तेव्हां कल्पना नव्हती.

लवकरच निरनिराळ्या दुकानांचे प्रतिनिधि येऊं लागले. तिघांनींही हॉलच्या दारांत उभें राहून एकदां छताकडे व एकदां माझ्याकडे पाहिलें, आणि दोन दिवसांनीं आपापलीं अंदाजपत्रकें पाठविलीं. एकानें पंधरा टनांचें यंत्र सुचविलें, दुसऱ्यानें सतरा टनांचें आणि तिसऱ्यानें वीस टनांचें. वीस टन हा आंकडा वाचून मी हादरलोंच. आमची जुनी गच्ची वीस टनांचा बोजा कसा पेलणार, या चिंतेनें मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सकाळीं चौकशी करतां समजलें कीं, हे टन वजनाचे नसून बर्फाचे आहेत.

ही गोष्ट मला इतकी मनोरंजक वाटली कीं, ती येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. शीतयंत्रें निघण्यापूर्वीं थंडावा म्हणजे बर्फ, आणि तोही गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेला. १८३३ मध्यें फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें अमेरिकेंतील बोस्टनहून बर्फानें भरलेलें जहाज कलकत्त्यास पाठविलें, आणि पुढें मुंबईकरांनाही हा सातां समुद्रांपलीकडचा गारवा विकत मिळूं लागला. यंत्रें आलीं तेव्हां त्यांची शक्ति बर्फाच्याच भाषेंत मोजणें ओघानेंच आलें. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता खेंचून घेणारें यंत्र तें एक टनाचें यंत्र. विजेच्या हिशेबांत हें माप साडेतीन किलोवॅट भरतें. म्हणजे अहोरात्र चाललेलें वीस टनांचें यंत्र रोज वीस टन बर्फ वितळविण्याचें काम करणार होतें. माझा विद्यार्थी आपल्या वडिलांच्या नांवानें रोज बर्फाचें एक लहानसें जहाजच आमच्या गच्चीवर आणूं पाहत होता !

त्या अंदाजपत्रकांबरोबर चकचकीत पुस्तिकाही आल्या होत्या. त्यांतील एका यंत्राची थोरवी अशी कीं, तें उन्हाळ्यांत खोली थंड करी आणि हिवाळ्यांत गरम. ही सोय दिल्लीच्या किंवा थंड मुलखांतल्या लोकांना खरोखरच उपयोगी आहे. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. एक झडप फिरवून यंत्राचा ओघ उलटा केला कीं, आंतली उष्णता बाहेर टाकण्याऐवजीं तें बाहेरची उष्णता आंत आणूं लागतें. पण घाटकोपरांत ? सांताक्रूझच्या वेधशाळेनें २२ जानेवारी १९६२ रोजीं ७.४ अंश तपमान नोंदविलें, त्या दिवशीं मुंबईकरांना या सोयीचा उपयोग झाला असता. त्या एका दिवसासाठीं आज जादा पैसे मोजावे असें कांहीं मला वाटलें नाहीं. पुस्तिकेच्या त्या पानावर मीं पेन्सिलीनें फुली मारली, आणि यंत्रशास्त्रांतील माझा हा पहिला स्वतंत्र निर्णय असल्यामुळें मला थोडा अभिमानही वाटला.

हा अभिमान फार वेळ टिकला नाहीं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांना मीं तीं तिन्ही अंदाजपत्रकें दाखविलीं व यांतलें कोणतें घ्यावें असें विचारलें. त्यांनीं तीं न वाचतांच बाजूला ठेवलीं आणि म्हणाले, "प्रोफेसर, रोग्याला तपासण्याआधींच तुम्ही औषधाच्या बाटल्या मोजतां आहांत. आधीं मला सांगा, त्या हॉलमध्यें उष्णता येते कोठून ?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. तेव्हां ते स्वतः आले, आणि दोन दुपारी त्या हॉलमध्यें बसले. बरोबर दोन तपमापकें. एक कोरडें, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळलेली. खिडक्या मोजल्या, खुर्च्या मोजल्या, दिव्यांचे वॅट मोजले. शेवटीं एका कागदावर त्यांनीं जो हिशेब मांडला, तो वाचून एखाद्या उधळ्या घराचा जमाखर्च पाहिल्यासारखें मला वाटलें. तापलेल्या छपरांतून पावणेचार टन. पश्चिमेच्या उघड्या खिडक्यांतून अडीच टन. शंभर मुलांच्या शरीरांतून सव्वातीन टन, कारण स्वस्थ बसलेला माणूसही जुन्या काळच्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी ऊब बाहेर टाकीत असतो. श्वासासाठीं बाहेरून घ्याव्या लागणाऱ्या ताज्या हवेबरोबर जवळजवळ तितकीच. आणि भिंती व दिवे मिळून दीड टन. एकूण साडेचौदाच्या आसपास. पंधरा टन सांगणारा गृहस्थ प्रामाणिक होता, असें यावरून सिद्ध झालें.

"आतां यांतलें काय टाळतां येईल तें पाहूं," इंजिनिअर म्हणाले. मुलांना टाळतां येत नाहीं. त्यांच्यासाठींच सारा खटाटोप. त्यांना लागणारी ताजी हवाही टाळतां येत नाहीं. ती कमी केली तर विजेचें बिल वांचेल, पण तासाभरांत सर्व अभ्यासिका जांभया देऊं लागेल. परंतु छप्पर आणि खिडक्या यांचे सहा टन हा निव्वळ आळसाचा दंड होता. गच्चीवरील चिनी मोझेकची लादी, जी आपल्या वाडवडिलांनीं पांढरी चकचकीत घातली ती कांहीं केवळ शोभेसाठीं नव्हे, ती आमच्याकडे फुटून काळवंडून गेली होती. ती दुरुस्त करून तिच्यावर ऊन परतविणारा पांढरा रंग द्यावा, आंतून छताला उष्णता अडविणारा थर लावावा, आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून छज्जे घालावे, एवढें केलें तर सहा टनांचे दोन टन होत होते. साडेचौदाचा आंकडा साडेदहावर आला. साडेपांच टनांचीं दोन यंत्रें घेतलीं कीं काम भागतें; शिवाय गर्दी नसेल त्या दिवशीं एकच चालवितां येतें, आणि एक बिघडलें तर दुसरें लाज राखतें.

"पण अकरा टनांच्या ऐवजीं वीस टन घेतले तर बिघडलें कोठें ?" मीं विचारलें. माझ्या मनांत विद्यार्थ्याचें तें वाक्य घोळत होतें. "मोठें यंत्र थोडा वेळ चालेल, एवढेंच ना ?"

"तेंच बिघडतें," ते म्हणाले.

त्यांनीं मला जें समजावून सांगितलें तें मुंबईंत राहणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखें आहे. आपल्याला येथें जो त्रास होतो तो उष्णतेचा जितका, तितकाच ओलाव्याचा. शीतयंत्राच्या थंड नळ्यांवरून हवा गेली म्हणजे तिच्यांतलें पाणी, थंड पेल्याच्या बाहेरून दंव जमावें तसें, त्या नळ्यांवर जमतें व गळून जातें. मात्र याला वेळ लागतो. गरजेहून फार मोठें यंत्र हॉलला पांच-सात मिनिटांत गार करतें आणि थांबतें. हवा थंड होते, पण ओलीच राहते. जुलै-ऑगस्टमध्यें, पारा मुळांतच अठ्ठावीसच्या आसपास असतो तेव्हां, असें यंत्र चालण्यापेक्षां थांबूनच अधिक राहणार. त्या गार व दमट हवेंत माणसाला हुडहुडी भरते आणि पुस्तकांना बुरशी धरते. बेताचें यंत्र संथपणें पुष्कळ वेळ चालतें, आणि म्हणूनच हवा कोरडी करतें. मीं ज्या पानावर फुली मारली होती त्याचाही त्यांनीं उल्लेख केला. पावसाळ्यांत हवा आधीं अधिक थंड करून तिच्यांतलें पाणी काढावयाचें आणि मग तीच किंचित् ऊन करून आंत सोडावयाची, अशीही एक पद्धत आहे. औषधांच्या कारखान्यांत, वस्तुसंग्रहालयांत ती लागते. आमच्यासारख्यांना तिचा खर्च झेपणारा नाहीं. पण घाटकोपरांत ऊब सर्वस्वीं निरुपयोगी आहे, ही माझी समजूत मात्र चुकीची ठरली. पेन्सिलीची ती फुली मीं मुकाट्यानें पुसून टाकली.

वातानुकूलनाचा जन्मच मुळीं ओलाव्याच्या तक्रारींतून झाला. १९०२ मध्यें ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत पावसाळी हवेनें कागद फुगत आणि रंगावर रंग बरोबर बसत नसे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनें जी योजना केली, ती आजच्या साऱ्या यंत्रांची आजी होय. म्हणजे हें यंत्र प्रथम कागदाच्या सुखासाठीं निघालें. माणसाच्या सुखाचा विचार मागाहून आला. लहानपणीं मी कुलाब्याच्या, १९३३ मध्यें उघडलेल्या रीगल चित्रपटगृहांत गेलों होतों. तेथील चित्रपट मी केव्हांच विसरलों. पण दार उघडतांच अंगावर आलेली ती थंड झुळूक अजून आठवते. तेव्हां ती झुळूक निर्माण झाली असें मी समजत होतों. ती समजूत आणखी एका माणसानें दूर केली.

आमच्या इमारतीच्या पश्चिमेस एक अरुंद गल्ली आहे आणि गल्लीपलीकडे एक जुनी चाळवजा इमारत. तिच्या वरच्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरांतले गृहस्थ राहतात. आम्ही सर्व त्यांना नाना म्हणतों. १९८२ च्या संपापर्यंत ते परळच्या एका गिरणींत कांतणखात्यांत होते. रोज सकाळीं ते खालच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचावयास येतात. एके दिवशीं वर्तमानपत्राची घडी घालीत ते मला म्हणाले :

"प्रोफेसरसाहेब, वर मशीन बसणार असं ऐकलं. चांगलं झालं. पोरांना गारवा मिळेल. एकच विचारतो. गरम वारा कुठं सोडणार ?"

मी म्हणालों, "बाहेर."

नाना हंसले. "बाहेर म्हणजे आमच्या खिडकींत." मग थोडें थांबून म्हणाले, "गिरणींत सूत तुटूं नये म्हणून हवेंत पाणी फवारायचे. सुताला मानवायचं. आम्ही आठ तास भिजलेल्या कापडासारखे असायचों. कुणाची तरी सोय झाली कीं कुणाची तरी गैरसोय व्हायचीच. फक्त ती कुणाची, हें आधीं विचारावं."

मी गच्चीवर गेलों. तिन्ही अंदाजपत्रकांत यंत्राची जागा पश्चिमेच्या कठड्यालगत दाखविली होती. कारण विजेची जोडणी त्या बाजूस होती आणि तेथून हवेचे नळ कमी लांबीचे लागत. त्या जागीं उभा राहून पाहतों तों समोर अवघ्या पंधरा फुटांवर, माझ्या छातीच्या उंचीवर, नानांची खिडकी. खिडकींत एक तुळस आणि वाळत घातलेला पंचा.

त्या दुपारीं मला त्या यंत्राचा अर्थ कळला. जगांत थंडावा निर्माण करतां येत नाहीं. उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं टाकणें एवढेंच आपल्या हातीं आहे. आणि तें करतांना वीज खर्चून आपण तिच्यांत भरच घालतों. तीन भाग उष्णता बाहेर काढावयास सुमारें एक भाग वीज लागते, व शेवटीं चारही भाग बाहेर पडतात. वीस टनांचें यंत्र पूर्ण वेगानें चाललें असतां नव्वद किलोवॅटहून अधिक उष्णता नानांच्या तुळशीवर सोडणार होतें. दोन-दोन किलोवॅटचे पंचेचाळीस गीझर एकदम चालू केल्यासारखी. तेव्हां कोणत्या कंपनीचें, किती ताऱ्यांचें, किती टनांचें हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी दुसऱ्या क्रमांकाचे. पहिला प्रश्न नानांचा : आपल्या घरांतला ताप आपण कोणाच्या दारांत नेऊन टाकणार आहों ?

गच्चीवर कांहीं ठेवतांना आणखीही एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो घाटकोपरकरांना कोणी शिकविण्याची गरज नाहीं. २५ जुलै २०१७ रोजीं येथल्याच लाल बहादूर शास्त्री मार्गाजवळची साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळून सतरा माणसें दगावलीं; तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या आधारालाच धक्का लागल्याचें तेव्हां पुढें आलें. १३ मे २०२४ रोजीं वादळी वाऱ्यानें पूर्वेकडील पेट्रोल-पंपावर भला मोठा जाहिरातफलक कोसळला, आणि पुन्हा सतरा माणसें गेलीं. एकदां भार कोणावर टाकला आहे हें विसरल्यामुळें, एकदां वारा किती आहे हें विसरल्यामुळें. म्हणून आम्हीं आधीं इमारतीची तपासणी करविली. यंत्रें स्लॅबच्या मध्यावर न ठेवतां तुळयांवर टेकलेल्या लोखंडी चौकटीवर बसवावीं, ती चौकट वाऱ्याचा हिशेब करून जखडावी, आणि गच्चीला भोंक न पाडतां नळ उत्तरेच्या भिंतींतल्या उंच झरोक्यांतून आंत न्यावे, असें ठरलें. गच्चीला पाडलेल्या भोंकाची किंमत पहिल्या पावसांतच कळते.

नव्या योजनेंत यंत्रें ईशान्येच्या कोपऱ्यांत, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला गेलीं. त्या बाजूस कोणाचीही खिडकी नाहीं. गरम हवा आडवी न फेंकतां सरळ वर सोडणारें यंत्र निवडलें. ओझोनला अपाय न करणारा वायु त्यांत आहे याची खात्री करून घेतली. १९८७ च्या माँट्रिअल करारानें जुन्या वायूंची गच्छन्ति ठरविली आहे, आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीनें त्यांच्या जागीं आलेल्या, पृथ्वी तापविणाऱ्या वायूंच्या वापरांत टप्प्याटप्प्यानें कपात. खाडीकडून येणाऱ्या खारट वाऱ्यानें पातळ पत्रे गंजतात, म्हणून त्यांच्यावर संरक्षक लेप असलेलें यंत्र मागितलें. रात्रीं दहानंतर वस्तींत आवाज पंचेचाळीस डेसिबलच्या वर जाऊं नये असा २००० सालचा नियम आहे. तोही अंदाजपत्रकांत लिहवून घेतला. या सर्वांमुळें नळांची लांबी वाढली, तो खर्च वाढला. पण यंत्रच जवळजवळ निम्म्यावर आल्यामुळें एकूण बेरीज पुष्कळ खालीं आली.

आतां राहिलें तें माझ्या विद्यार्थ्याला पत्र लिहिणें. आजवर मीं हजारों उत्तरपत्रिकांवर लाल शेरे मारले, पण तें पत्र लिहितांना माझा हात अडखळला. पत्र पोंचतांच तो स्वतः आला. सर्व आंकडे त्यानें पाहिले. आंकडे वाचणें हा त्याचा धंदाच आहे, तेव्हां ते त्याला लगेच पटले. तरीही तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, हिशेब बरोबर आहे. पण माझ्या वडिलांना जन्मांत कधीं कांहीं मोठं मिळालं नाहीं. खोली लहान, पगार लहान, हातगाडीसुद्धां भाड्याची. एकदां तरी त्यांच्या नांवानं कांहींतरी मोठं असावं असं वाटलं होतं."

याला काय उत्तर द्यावें ? ओलाव्याचें शास्त्र, नानांची खिडकी, सर्व युक्तिवाद माझ्या जवळ तयार होते. आणि त्या एका वाक्यापुढें ते सगळे थिटे पडले. मीं त्याला कांहीं न बोलतां गच्चीवर नेलें. दुपारचे तीन वाजले होते. पश्चिमेच्या कठड्याशीं तो उभा राहिला, आणि समोरच्या खिडकींतून नानांनीं त्याला हात केला. अभ्यासिकेंत तो रात्र-रात्र बसत असे तेव्हां त्याच खिडकींतून नाना त्याला चहासाठीं हांक मारीत, हें मला ठाऊक नव्हतें. दोघांचें गल्ली ओलांडून बरेंच बोलणें झालें. कोणाचें लग्न, कोणाचें आजारपण, असेंच कांहीं. यंत्राचा विषय कोणीच काढला नाहीं. जिना उतरतांना मात्र तो म्हणाला, "यंत्र लहान घ्या, सर. पण वडिलांच्या नांवाची पाटी मोठी लावा."

पाटी मोठी लावली आहे. ती गच्चीवर नाहीं, अभ्यासिकेच्या दारावर आहे, आणि तिच्याखालून रोज शंभर मुलें जातात.

यंत्रें पावसाळ्यापूर्वीं सुरू झालीं. घरगुती यंत्रें कारखान्यांतूनच २४ अंशांवर लावून यावीं असा नियम २०२० पासून आहे. आम्हीं त्याहून दोन अंश वर, २६ वर, तीं ठेवतों, आणि छताचे पंखे मंद चालूं देतों. कोणाची तक्रार नाहीं. नानांच्या खिडकींत तुळस हिरवी आहे. सर्व कसें समाधानकारक झालें, असें म्हणून मला हा लेख येथेंच संपवितां आला असता, पण ऑक्टोबरच्या उकाड्यांत एका संध्याकाळीं टेकडीवरून येणारी एक मुलगी पुस्तकें आवरतां आवरतां म्हणाली, "सर, इथं छान वाटतं. पण घरीं गेलं कीं आतां पहिल्यापेक्षां जास्त उकडतं."

मी निरुत्तर झालों. आम्हीं हॉलचा ताप नानांच्या दारांतून हलविला खरा. पण या मुलीच्या घराचा ताप आमच्या कोणत्याच हिशेबांत आला नव्हता. थोड्या वेळानें तिनेंच विचारलें, "गच्चीला तो पांढरा रंग लावला ना, तो पत्र्याला चालतो का ?" मीं इंजिनिअरांना विचारलें. त्यांनीं सांगितलें, पत्र्याला तर तो अधिकच उपयोगी. अहमदाबाद शहरानें २०१३ मध्यें उन्हाच्या तडाख्यापासून बचावाचा जो आराखडा केला, त्यांत पुढें गोरगरिबांचीं छपरें पांढरीं करण्याचाही समावेश झाला. गच्चीच्या कामांतून रंगाचे दोन डबे उरले होते, ते तिचा भाऊ येऊन घेऊन गेला.

परवां संध्याकाळीं मी सहज गच्चीवर गेलों. यंत्रें चालू होतीं. त्यांच्या वरच्या जाळीवर हात धरला तर शंभर मुलांच्या अंगची ऊब एकदम तळहाताला लागली आणि वर निघून गेली. पलीकडे असल्फाची टेकडी, तिच्यावर एकावर एक रचल्यासारखीं घरें, उन्हानें करडे झालेले पत्रे. आणि त्या सगळ्यांत एकच पत्रा पांढरा. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा होतों. मग खालीं आलों आणि पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर एक विषय लिहून ठेवला : "रंगाचे आणखी डबे." या वेळीं मात्र मी सभेला हजर राहणार आहें.